वर्षाचे पैसे भरले, तरी जाहिराती का?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुम्ही लिहिलंय की अमळनेरच्या घरी टीव्हीवर एका ओटीटी ॲपचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले, तरी रात्री सासरे, म्हणजे नाना, पिक्चर बघायला बसले की मध्येच जाहिराती लागतात. एकाच खताची जाहिरात एका पिक्चरमध्ये चारदा आली, तेव्हा नाना ‘आते बस व्हयनं रे भो’ म्हणत उठून झोपायला गेले. मुलाला मॅच हवी असते, तुम्हाला मालिका. आता तुम्ही विचारताय, ही फसवणूक नाही का, वर आणखी पैसे भरून जाहिराती काढून घ्याव्यात का, आणि तक्रार करायची तर कुठे करायची. ॲपचं नाव मात्र तुम्ही दिलेलं नाही. निम्मं उत्तर त्या नावावर आणि त्यातल्या प्लॅनवर अवलंबून आहे, म्हणून जिथे फरक पडतो तिथे सांगत जातो.

मी कोण ते आधी सांगितलेलं बरं. जळगावात माझी जाहिरातीची लहानशी एजन्सी आहे. पूर्वी लोकल केबलवर सराफांच्या, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि स्क्रीनखाली पळणारी पट्टी विकायचो. आता त्याच गिऱ्हाइकांसाठी ओटीटीवर जागा विकत घेतो. म्हणजे नानांना झोपायला पाठवणारी जाहिरात ज्या बाजूने येते, त्या बाजूचा मी माणूस. माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

खरा प्रश्न असा आहे की तुम्ही पैसे नेमके कशाचे भरले? आपण धरून चालतो की पैसे भरले म्हणजे जाहिरात गेली. ओटीटी आलं तेव्हा कंपन्यांनीच आपल्याला ती सवय लावली, त्यामुळे तुमचा राग अगदी योग्य आहे. पण विकायच्या गोष्टी इथे दोन आहेत. पिक्चर बघायची परवानगी ही एक, आणि बघताना मध्ये कोणी न येण्याची सोय ही दुसरी. आधी दोन्ही एकाच पाकिटात मिळायच्या. गेल्या तीन-चार वर्षांत कंपन्यांनी पाकीट फोडून दोन्हींना वेगळा भाव लावला. तुमच्याकडे बहुधा पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही.

आपल्याकडे हे तसं नवीनही नाही. केबलचे पैसे आपण दर महिन्याला भरत आलो आणि जाहिरातीही बघत आलो. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नव्या दररचनेत प्रत्येक पे-चॅनलची किंमत वेगळी दिसायला लागली. महिन्याला १९ रुपयांचं चॅनल घेणाऱ्यालाही मालिकेच्या मध्ये साबण दिसतच होता. तेव्हा कोणी कुरकुर केली नाही, कारण जाहिरात नसलेला टीव्ही दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या काळानंतर कोणी पाहिलाच नव्हता. ओटीटीने मधली काही वर्षं तो दाखवला आणि आता परत घेतंय. चीड त्याची आहे.

परत घेण्याची सुरुवात कुठून झाली ते थोडक्यात सांगतो. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे जगभरात मिळून दोन लाख ग्राहक घटले. दहाएक वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. जाहिरात कधीच घेणार नाही म्हणणाऱ्या त्या कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरात बारा देशांत जाहिरातींसह स्वस्त प्लॅन काढला. त्या बारांत भारत नव्हता. आपल्यासाठी नेटफ्लिक्सने त्याआधीच, डिसेंबर २०२१ मध्ये, सरळ दर कापले होते. ॲमेझॉनने रस्ता उलटा धरला. स्वस्त प्लॅन वेगळा काढण्याऐवजी आहे त्याच प्राइम व्हिडिओत जाहिराती घातल्या आणि नको असतील तर वर पैसे भरा म्हणाले. अमेरिकेत हे २९ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, आपल्याकडे १७ जून २०२५ ला. भारतात जाहिराती काढायचा दर ठेवला वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये. हॉटस्टारकडे तर स्वस्त प्लॅनमध्ये जाहिराती आधीपासूनच होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं, तेव्हा मोबाइल प्लॅन वर्षाला ४९९, सुपर ८९९ आणि प्रीमियम १४९९ असे दर होते. पहिल्या दोन्हींत जाहिराती होत्या. दर बदलत राहतात, आज तुमच्या स्क्रीनवर दिसेल तोच खरा धरा. पण मांडणी तीच राहते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जी बाहेर फारशी बोलली जात नाही. लोकांना वाटतं, फुकट बघणाऱ्याला जाहिराती दाखवतात कारण तो पैसे देत नाही, आणि पैसे देणाऱ्याला दाखवणं म्हणजे हावरटपणा. जाहिरात घेणाऱ्याच्या नजरेतून बघाल तर उलट आहे. तुम्ही पैसे भरता म्हणूनच तुमच्यापुढे जाहिरात दाखवायचा दर चढा असतो.

एक उदाहरण देतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीची टिश्यूकल्चर रोपं विकणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी जाहिरात लावायला बसलो की माझ्यासमोर एक पान उघडतं. त्यात जिल्हा निवडायचा, भाषा निवडायची, वयोगट निवडायचा, मोबाइल की मोठी स्क्रीन ते निवडायचं. प्रत्येक खूण केली की गिऱ्हाइकाला पडणारा दर वर सरकतो. सगळ्यात मोठी उडी ‘मोठी स्क्रीन’ या खुणेवर असते. कारण साधं आहे. रावेरात ज्या घरी स्मार्ट टीव्ही आहे, ब्रॉडबँड आहे आणि जे घर ओटीटीचे पैसे भरतं, ते घर कोणाचं असेल? चार-सहा एकर केळी असलेल्या शेतकऱ्याचं, मास्तरांचं, डॉक्टरांचं, आडत्याचं. रोपं विकत घेणारा माणूस त्याच घरात बसलाय. शिवाय मोबाइलवर जाहिरात आली की अंगठा आपोआप ‘स्किप’कडे जातो. टीव्हीवर रिमोट दुसऱ्याच्या हातात असतो, बघणारा लोडाला टेकलेला असतो, आणि जाहिरात पुढे ढकलता येत नाही. ती शेवटपर्यंत चालते, आणि घरातले तिघं-चौघं एकदम बघतात. माझ्या गिऱ्हाइकाला हेच हवंय. त्याने फुकट बघणाऱ्यांची गर्दी मागितलेलीच नसते.

आता कंपनीच्या जागी बसून हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतोय, कोणत्या कंपनीचे म्हणून नाही. धंद्यात दर हजार वेळा दाखवण्यावर ठरतो, त्याला सीपीएम म्हणतात. समजा मोठ्या स्क्रीनवर सीपीएम २५० रुपये पडला. म्हणजे एका वेळेला पंचवीस पैसे. नाना रोज दोन तास बघतात आणि त्यात आठ जाहिराती लागतात असं धरा. रोजचे दोन रुपये झाले, वर्षाचे ७३०. आता प्राइमचा जाहिराती काढायचा ६९९ चा दर बघा, तो रोजचा दोन रुपयांच्या आतबाहेर पडतो. माझ्या अंदाजाने दर अशाच पद्धतीने बसवत असावेत. तुम्हाला जाहिरात दाखवून जेवढं मिळालं असतं, साधारण तेवढंच तुमच्याकडून मागायचं. तुम्ही कुठलाही रस्ता घ्या, कंपनीला तेवढेच सुटतात. म्हणून ‘एवढे पैसे घेतात, तरी जाहिराती कशाला’ या प्रश्नाला त्यांच्याकडे लाज वाटण्यासारखं उत्तर नसतं. वर्गणी हा पहिला गल्ला, जाहिरात हा दुसरा. वर्तमानपत्राचं हेच चालत आलंय. अंकाचे पैसे आपण देतो, आणि पहिल्या पानावर अर्धं पान सराफाचं असतं.

यातून एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची निघते. हा हिशेब सरासरीवर बसवलेला असतो. जो सरासरीपेक्षा जास्त बघतो त्याला जाहिराती काढणं स्वस्त पडतं, आणि कमी बघतो त्याला महाग. नाना रोज तीन तास बसत असतील तर वरचे पैसे वसूल. घरात आठवड्याला एखादाच पिक्चर बघितला जात असेल तर ६९९ म्हणजे एका पिक्चरमागे तेरा-चौदा रुपये, तेही चार जाहिराती चुकवायला. ते पैसे मी तरी भरणार नाही. महिन्याचा दर १२९ असेल तर आणखी एक वाट आहे. वर्षातले पाच महिने घेतले तर ६४५ होतात, सहाव्या महिन्याला वर्षाचा दर ओलांडतो. ज्या घरी पावसाळ्यात शेताची कामं असतात आणि टीव्ही खरा हिवाळ्यातच चालतो, त्यांनी लागेल तेवढेच महिने घ्यावेत आणि बाकीचे महिने जाहिरातींसह काढावेत. दिवाळीला पोरं-बाळं घरी येतात तो महिना घ्या, सुट्टीचा मे घ्या.

आता त्या खताच्या जाहिरातीकडे येतो, कारण माझ्या मते नानांना जाहिरातींचा त्रास कमी आणि त्याच त्या जाहिरातीचा त्रास जास्त झालाय. वेगवेगळ्या चार आल्या असत्या तर ते कदाचित उठलेही नसते.

पिक्चरमध्ये जाहिरातीच्या जागा आधीच खुणा करून ठेवलेल्या असतात. नाना त्या खुणेजवळ पोचायच्या जरा आधी ॲप मागे सर्व्हरला विचारतं की या घराला काय दाखवू? त्या घराला लागू पडणाऱ्या जाहिराती पुढे येतात, बोली लागते, आणि जिंकेल ती जाहिरात पिक्चरच्या प्रवाहातच जोडून पाठवली जाते. म्हणूनच कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणारी सॉफ्टवेअरं टीव्हीच्या ॲपवर सहसा चालत नाहीत. तिथे जाहिरात आणि पिक्चर एकाच नळातून येतात. बहुतेक ॲपमध्ये पिक्चर पुढे ढकलला तरी खूण ओलांडताना जाहिरात लागतेच.

यात खानदेशाची गोम अशी की आपल्या भागासाठी बोली लावणारे कमी. मुंबई-पुण्यातल्या घरासाठी गाडीवाले, बँका, बिल्डर, खाण्याची ॲप असे कितीतरी जण रांगेत असतात. नंदुरबार, धुळे, जळगाव म्हटलं की त्यातले निम्मे बाजूला होतात. मग देशभर लावलेली दोन-चार मोठ्या कंपन्यांची जाहिरात उरते, आणि हंगामाची एखादी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सोनं असतं, धनतेरसला पुन्हा सोनं. मे-जूनमध्ये कपाशीचं बियाणं, खत, ट्रॅक्टर. दहावी-बारावीचा निकाल लागला की क्लासवाले. त्या आठवड्यांत आमच्यासारखे एजन्सीवाले एकमेकांवर बोली चढवतात आणि तुम्हाला जरा वैविध्य दिसतं. हंगाम सरला की मैदान रिकामं होतं. उरलेला एकच जण प्रत्येक बोली जिंकतो आणि नानांना चारही वेळा तेच खत दिसतं.

एका घराला एक जाहिरात दिवसात किती वेळा दाखवायची, याला मर्यादा घालता येते. आम्ही घालतोही. पण ती मर्यादा त्या एका खरेदीपुरती असते. खताच्या कंपनीने एकदा थेट ॲपकडून जागा घेतली, एकदा दुसऱ्या बाजारातून, आणि तिच्या धुळ्याच्या वितरकाने तीच फिल्म तिसरीकडून लावली, तर तिन्ही मर्यादांना एकमेकींचा पत्ता नसतो. प्रत्येकजण नियमात राहून आपापल्या दोन दाखवतो, आणि तुमच्या घरी सहा येतात. गिऱ्हाइकाचं यात नुकसानच होतं. तिसऱ्या वेळेनंतर माणूस त्या मालावर चिडतो, हे मी माझ्या लोकांना सांगून थकलोय. पण ‘जास्त दिसली पाहिजे’ हा आपल्याकडच्या व्यापाऱ्याचा हट्ट काही सुटत नाही.

अमळनेरात बसून पुण्याच्या फ्लॅटची जाहिरात दिसत असेल तर त्याचंही कारण आहे. तुमच्या नेटवाल्याचा पत्ता, म्हणजे आयपी, बऱ्याचदा नाशिक, पुणे किंवा मुंबईचा म्हणून नोंदलेला असतो. सर्व्हरला तुम्ही तिथलेच वाटता. बिल्डरचे पैसे वाया, तुमचा वेळ वाया.

इथे तुमच्या हातात थोडंच आहे, पण आहे. टीव्हीवर प्रोफाइल कोणाचं उघडं असतं ते बघा. सगळं घर एकाच प्रोफाइलवर बघत असेल तर ॲपला वाटतं हा एकच माणूस दिवसभर बसलाय. नानांचं वेगळं करा. जाहिराती कमी होणार नाहीत, पण ॲप काय दाखवतं ते तरी नानांच्या आवडीजवळ येईल. पिक्चर मध्येच सोडून बाहेर येऊ नका. पुन्हा आत गेलं की सुरुवातीची जाहिरात बऱ्याच ॲपमध्ये नव्याने लागते. आपल्याकडे लाइट जाते, टीव्ही पुन्हा सुरू होतो आणि हेच घडतं. राउटर आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर हा त्रास वाचतो. आणि मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवत असाल तर जाहिरातही तुमच्याच डेटातून वाजते हे लक्षात असू द्या. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण एक जीबी खातो. अर्ध्या मिनिटाच्या दहा जाहिराती म्हणजे पाच मिनिटं, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी एमबी. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्याला ते जाणवतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, जाहिरात तुमच्या प्लॅनमुळे येते, तीच ती जाहिरात आपल्या भागातल्या पातळ बाजारामुळे येते, आणि काढून टाकायचे पैसे वसूल होतात की नाही ते नाना किती तास बघतात त्यावर ठरतं.

आता तुमच्या घराचं बोलू, कारण तुमच्याकडे बघणारे तिघं आणि तिघांची गरज वेगळी.

मुलाच्या मॅचसाठी महाग, जाहिरातमुक्त प्लॅन घेऊ नका. लोक इथे हमखास फसतात. जिओहॉटस्टारचं प्रीमियम घेतलं तरी थेट सामन्यात जाहिराती राहतात, तशी बारीक अक्षरातली ओळ तिथे असते. षटक संपलं की जाहिरात येणारच. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे भारतातले डिजिटल हक्क २०२२ च्या लिलावात सुमारे २३,७५० कोटींना गेले. वर्षाला पावणेपाच हजार कोटींच्या आसपास झाले. एवढी रक्कम नुसत्या वर्गणीतून कोणाचीच निघत नाही, ती जाहिरातीतूनच काढावी लागते. तेव्हा मॅचसाठी ती दाखवणाऱ्या ॲपचा टीव्हीवर चालणारा सगळ्यात स्वस्त प्लॅन, तोही हंगामापुरता तीन महिन्यांचा, एवढं बस झालं.

तुमच्या मालिकांसाठी आधी एक गोष्ट तपासा. तीच मालिका घरच्या केबलवर किंवा डिशवर त्या वेळी लागत असेल आणि तुम्ही ती तेव्हाच बघत असाल, तर ओटीटी तुम्हाला हवंय का? टीव्हीच्या आधी भाग दाखवायचे म्हणून काही ॲप पैसे घेतात. ती ओढ असेल तर घ्या, नसेल तर तो खर्च वाचतो.

नानांचं मात्र वेगळं सांगेन, आणि हे तुम्ही विचारलेलंही नाही. आपल्याकडच्या घरांत ज्येष्ठ मंडळी टीव्हीवर खरं काय बघतात? पिक्चर कधीतरी. रोजचं म्हणजे यूट्यूबवरची कीर्तनं, अहिराणी गाणी, अहिराणी विनोदी व्हिडिओ, आणि कापसाचे-केळीचे भाव सांगणारे. तुम्ही एक आठवडा लक्ष ठेवा. नानांच्या चार तासांतले तीन यूट्यूबवर जात असतील, तर दुसऱ्या ॲपच्या जाहिराती काढायला ६९९ भरून उपयोग काय? त्यापेक्षा यूट्यूब प्रीमियम त्यांना जास्त सुख देईल. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा एकट्याचा दर महिन्याला १४९ आणि कुटुंबाचा २९९ झाला. पुढे ८९ रुपयांचा लाइट प्लॅन आला, पण त्यात गाण्याच्या व्हिडिओंवर जाहिराती राहतात. नाना अहिराणी गाण्यांचे शौकीन असतील तर लाइट घेऊन पुन्हा तोच वैताग. कीर्तन सांगणारे महाराज मध्येच स्वतः कुठल्या तेलाचं नाव घेतात, ते कुठल्याच प्लॅनने जात नाही. कार्यक्रमात सूत्रधाराच्या हातात दिसणारा कपही तसाच राहतो. ती जाहिरात चित्रीकरणातच शिजवलेली असते.

आणि टीव्ही सुरू करताच पहिल्या पानावर जी मोठी जाहिरात दिसते, ती ओटीटीची नसून टीव्ही बनवणाऱ्या कंपनीची असू शकते. ती ॲपला पैसे भरून जात नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली वैयक्तिक जाहिरातींचा पर्याय असतो तो बंद करा. थोडा फरक पडतो, पूर्ण जात नाही.

वर पैसे भरायच्या आधी ॲपमध्ये ‘माझं खातं’ किंवा ‘सबस्क्रिप्शन’ उघडून प्लॅनचं नाव वाचा. माझ्याकडे येणाऱ्यांत बऱ्याच जणांना आपण काय घेतलंय हेच माहीत नसतं, कारण ते मोबाइलच्या रिचार्जसोबत किंवा ब्रॉडबँडसोबत आलेलं असतं. रिचार्जसोबत मिळतं ते बहुतेक वेळा सगळ्यात खालचं, एका मोबाइलवर चालणारं, जाहिरातींसह. प्राइममध्येही ‘लाइट’ नावाचा स्वस्त प्रकार आहे. नेटवाला ‘सगळी ॲप फ्री’ म्हणाला होता, एवढ्यावर विसंबू नका. वर जाहिरातमुक्त घ्यायचं झालं तर सोबत आलेल्या प्लॅनवर ते घेता येतं की नाही, तेही आधी बघा. नाहीतर एकाच ॲपचे दोन ठिकाणी पैसे जातात.

फसवणूक आणि तक्रारीचं सांगतो. टीव्ही चॅनलला केबलच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिरात दाखवता येते, त्यातली दहा बाहेरची आणि दोन स्वतःच्या कार्यक्रमांची. चॅनलवाले तो नियम कितपत पाळतात ते आपण बघतोच. ओटीटीला असा मिनिटांचा नियम लागू नाही. म्हणजे जाहिरात दाखवणं बेकायदा नाही. बेकायदा ठरू शकतं ते सांगणं एक आणि देणं दुसरं. तुम्ही पैसे भरताना पानावर ‘जाहिरातमुक्त’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं का? त्याचा फोटो, स्क्रीनशॉट, मेल काही आहे का? असेल तर तुमची बाजू भक्कम. वर्ष अर्धं झाल्यावर जाहिराती सुरू केल्या असतील तर त्याची सूचना मेलवर आली होती का ते शोधा. कंपन्या ती पाठवतात, आपण उघडत नाही. अटींमध्ये सेवा बदलायचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे नुसतं ‘पूर्वी नव्हत्या, आता आल्या’ एवढ्यावर फार पुढे जाता येईल असं मला वाटत नाही. मी वकील नाही, हे एका जाहिरातवाल्याचं मत आहे.

तरी करायचीच असेल तर आधी ॲपच्या ग्राहक सेवेला लिहा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलवणाऱ्या तेरा ऑनलाइन युक्त्यांची यादी काढून त्यांना बंदी घातली. दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं, वर्गणी रद्द करायची वाट लपवून ठेवायची, हे त्यात येतं. तुमची अडचण त्यांत बसत असेल तर तसं लिहा. त्यापुढे जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण वर्षाच्या वर्गणीसाठी जळगावच्या खेपा घालायच्या का, ते तुम्ही ठरवा. माझ्या ओळखीतले लोक हेल्पलाइनपर्यंत जातात आणि थांबतात.

तक्रारीपेक्षा जास्त जोर आपण पुन्हा पैसे न भरण्यात आहे, आणि तिथेच आपण ढिले पडतो. वर्ष संपलं की पैसे आपोआप कापले जातात. यूपीआयने भरले असतील तर तुमच्या पेमेंट ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ म्हणून एक जागा आहे. तिथे त्या ओटीटीचं नाव सापडेल आणि तिथूनच ते रद्द करता येतं, ओटीटीच्या ॲपमध्ये बटण शोधत बसायला नको. कार्डाने भरले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी. तो मेसेज घरातल्या ज्याच्या नंबरवर येतो त्याला सांगून ठेवा. आज रद्द केलं तरी भरलेलं वर्ष साधारणपणे पूर्ण वापरायला मिळतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. मी स्वतः प्रत्येक वार्षिक वर्गणी घेतली की त्याच दिवशी ऑटोपे काढून टाकतो. संपत आलं की कंपनी सवलतीचे मेल पाठवायला लागते, आणि आपोआप नूतनीकरण चालू असणाऱ्याला ती सवलत सहसा दिसत नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला सध्या असा. आत्ता वरचे पैसे भरू नका. एक आठवडा नानांचं बघणं नोंदवा, कुठल्या ॲपवर किती तास ते. पिक्चरच जास्त निघाले तर एक महिन्याचं जाहिरातमुक्त घेऊन बघा, नाना पिक्चर संपेपर्यंत बसतात की नाही ते कळेल. यूट्यूब जास्त निघालं तर तिकडचं घ्या आणि या ॲपचं वर्ष जाहिरातींसहच संपू द्या. ऑटोपे मात्र आजच काढा.

ॲपचं नाव, प्लॅनचं नाव आणि पैसे थेट भरले की रिचार्जसोबत आलं, या तीन गोष्टी कळवल्यात तर नेमकं सांगता येईल. प्लॅन ‘मोबाइल’ निघाला आणि तरी टीव्हीवर चालत असेल, तर घरात दुसऱ्या कोणीतरी आणखी एक प्लॅन घेतलेला असण्याची शक्यता आहे. मुलाला एकदा विचारून बघा.